वर्तुळाबाहेरचा लोहार

१

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. परदेशातून आलेला ख्रिस्ती धर्मसेवकांचा एक गट आमच्या तालुक्यातल्या एका गावी दोन दिवस मुक्कामाला होता. ‘श्रद्धा आणि संस्कृती’ या विषयावर गावकऱ्यांशी बोलायचे, उपदेश करायचा नाही, ऐकून घ्यायचे, असे त्यांनी ठरवून ठेवले होते. त्यांचा हेतू प्रामाणिक होता, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्यावरचे आरोपपत्र नाही. त्यांना दुभाषा हवा होता. मी कॉलेजात शिकवतो, इंग्रजी बऱ्यापैकी बोलतो, म्हणून ते काम माझ्याकडे आले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अशा कामाला बोलावले की अजूनही छाती थोडी फुगते, हेही कबूल करतो.

बैठक देवळापुढच्या पारावर भरली. सरपंच, माजी पोलीस पाटील, भजनी मंडळाचे बुवा आणि एक निवृत्त गुरुजी असे चौघे बोलत होते. बाकीचे उभे राहून ऐकत होते. पाहुण्यांनी जत्रेविषयी विचारले. सरपंच म्हणाले, आमच्या जत्रेत प्रत्येक जातीला मान आहे. पालखीचा मान एका भावकीचा, काठीचा मान दुसऱ्या भावकीचा. हलगी वाजवण्याचा मान मांगांचा. पूर्वी देवीपुढे रेडा पडायचा, तो धरून आणण्याचा मान महारांचा. कुणालाही वगळलेले नाही. सन्मान या अर्थाचा जो सरळ इंग्रजी शब्द आहे, तो मी ‘मान’ या शब्दासाठी वापरला. पाहुण्यांनी तो वहीत उतरवून घेतला. त्यांच्यातल्या एक वयस्क बाई मला म्हणाल्या, तुमच्या संस्कृतीत प्रत्येकाला जागा आहे, हे किती चांगले आहे! मी हसून होकार भरला.

माझ्या आजोबांच्या गावी असाच एक मान होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर आजोबांनी आणि वस्तीतल्या इतरांनी तो टाकून दिला. तेव्हा गावाने वस्तीचे दळण आणि किराणा बंद केला. मान टाकणाऱ्याला अशी शिक्षा होत असेल तर तो मान कसला, हा प्रश्न आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शब्दकोश उघडला तर माझे भाषांतर चुकलेले नाही. तरीही त्या दुपारी मी खोटे सांगितले.

निघताना त्या बाईंनी मला आभारादाखल एक पुस्तक दिले. व्हिन्सेंट डोनोव्हन या अमेरिकन धर्मगुरूचे ‘ख्रिश्चॅनिटी रीडिस्कव्हर्ड’. १९७८ साली निघालेले हे पुस्तक मिशनरी वर्तुळात फार वाचले जाते. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांशी त्याने केलेले धर्मविषयक संवाद त्यात आहेत. हे पुस्तक मी दोनदा वाचले. पहिल्यांदा भारावून वाचले. दुसऱ्यांदा वाचताना पारावरची ती बैठक डोळ्यांपुढून हलेना. या लेखात त्या दुसऱ्या वाचनाविषयी लिहायचे आहे.

२

डोनोव्हन हा ‘होली घोस्ट फादर्स’ या कॅथलिक संघाचा. १९५० च्या दशकात तो टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात गेला. आपल्या संघाचा तिथला इतिहास तो झाकून ठेवत नाही. १८६८ मध्ये समुद्रकाठच्या बागामोयो येथे संघाने ठाणे उभारले. गुलामांच्या बाजारातून माणसे विकत घ्यायची, त्यांना मुक्त करायचे आणि ख्रिस्ती वसाहतींत वसवायचे, अशी तेव्हाची पद्धत होती. पुढे विकत घेतलेल्या गुलामांची जागा शाळेतल्या मुलांनी घेतली. शाळा, दवाखाने आणि दानधर्म म्हणजेच मिशन, असे समीकरण होऊन बसले. माणसाला उपकाराखाली ठेवून त्याच्याशी धर्माची गोष्ट बोलायची, यातली विसंगती डोनोव्हनला बोचत होती.

१९६६ च्या मे महिन्यात त्याने आपल्या बिशपला एक पत्र लिहिले. लोलिओंडो येथील मिशनचे ते सातवे वर्ष होते. शाळा होत्या, हॉस्पिटल होते, मसाई लोकांशी गोडीचे संबंध होते. धर्म पाळणारा एकही प्रौढ मसाई ख्रिस्ती मात्र नव्हता. गुरांविषयी तासन्‌तास बोलणे होई, देवाविषयी होत नसे. डोनोव्हनने परवानगी मागितली ती एवढीच: शाळा नाही, औषध नाही, भेटवस्तू नाही, रिकाम्या हातांनी मसाईंच्या वस्त्यांवर जायचे आणि त्यांच्याशी फक्त देवाविषयी बोलायचे. न्दांगोया नावाच्या वृद्ध पुढाऱ्याकडे तो गेला आणि येण्याचे कारण सांगितले. न्दांगोयाचा पहिला प्रश्न असा की, याच कामासाठी आला होतास तर सांगायला इतकी वर्षे का लावलीस? सात वर्षांच्या मिशनकार्याची इतकी नेमकी समीक्षा दुसऱ्या कुणी केली नसेल.

या पुस्तकातले जे संवाद मनात राहतात त्यांचे वैशिष्ट्य हे की, त्यांत प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. डोनोव्हन अब्राहामची कथा सांगतो. आपल्या टोळीपुरता, आपल्या जमिनीपुरता बांधलेला देव सोडून अब्राहाम सर्वांच्या देवाच्या शोधात निघाला, तसे तुम्हीही आपल्या देवाला टोळीच्या बंधनातून मोकळे करा, असे तो सुचवतो. मसाईंचा देव एन्गाई. कृपाळू असतो तेव्हा तो काळा, कोपतो तेव्हा तांबडा. तो आपला आणि आपल्या गुरांचा, असे ते मानत आले होते. ऐकून घेतल्यावर एक जण विचारतो, ही कथा फक्त आमच्यासाठीच आहे काय? तुझ्या टोळीला तो देव सापडला आहे काय? डोनोव्हनला युद्धावर निघालेल्या फौजा आठवतात, त्या फौजांनी आपापल्या बाजूला उभा केलेला देव आठवतो. जर्मन सैनिकांच्या कमरपट्ट्याच्या बकलावरही देवाचे नाव कोरलेले होते. तो उत्तर देतो की, माझ्या टोळीलाही तो सापडलेला नाही, आपण मिळून शोधू. धर्मप्रचारक म्हणून गेलेल्या माणसाने असे उत्तर द्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी आम्हाला धर्म समजावून सांगितला, त्यांपैकी कुणी हा प्रश्न आपल्याला विचारू दिला?

दुसरा प्रसंग शब्दाचा आहे. ‘श्रद्धा’ या कल्पनेसाठी डोनोव्हन जो मसाई शब्द वापरत होता त्याचा मूळ अर्थ ‘मान्य करणे’ एवढाच होता. एका वृद्धाने त्याला समजावले की, हा शब्द तोकडा आहे. अशी श्रद्धा म्हणजे गोऱ्या शिकाऱ्याने लांबून बंदूक झाडून जनावर मारणे. त्यात डोळा आणि बोट एवढ्यांचेच काम. खरी श्रद्धा सिंहाच्या शिकारीसारखी. सिंह नाकाने, कानाने, डोळ्याने, पायांनी, अंगातल्या सगळ्या बळाने भक्ष्यावर जातो आणि शेवटी ते कवेत घेतो. आणि मग तो वृद्ध सगळी उपमाच उलटवतो. आपण देवाला शोधतो आहोत असे तू आम्हाला सांगितलेस; पण आम्ही त्याला शोधले नाही, त्यानेच आम्हाला गाठले. सिंह आपण, असे आपल्याला वाटत होते. सिंह तोच आहे.

हा प्रसंग वाचताना मला माझी शरम वाटली. तिथे निरक्षर वृद्धाने परक्या पंडिताचा शब्द दुरुस्त केला. इथे पंडित मी होतो, शब्द चुकतो आहे हे मला ठाऊक होते, आणि मी गप्प बसलो.

डोनोव्हनची आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एका वस्तीने वर्षभर त्याचे सगळे ऐकून घेतले आणि सभ्यपणे सांगितले की, आम्हाला हा धर्म नको. तो तिथून निघून गेला. ज्या निरोपाला नकार देता येत नाही तो निरोपच नव्हे, या निष्कर्षाला तो येतो. आपल्या देशात ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरावर कायद्याने पहारा बसवला आणि पुढे इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. त्या कायद्यांचे गृहीतक असे की, गरिबाला नकार देता येत नाही, म्हणून त्याचा होकारही खरा नाही. मसाईंच्या त्या वस्तीने दाखवून दिले की, गरिबाला नकार देता येतो, फक्त त्याला खरोखर विचारावे लागते. नकार देणारा माणूसच विश्वासाने होकार देऊ शकतो. आमच्या आजोबांनी आधी मानाला नकार दिला होता, हे विसरता येत नाही.

३

वर्षभराच्या शिकवणीनंतर बाप्तिस्म्याची वेळ येते. डोनोव्हन निवड करू लागतो. हा म्हातारा फार वेळा गैरहजर होता, त्या बाईला नीट कळलेले नाही, तो तरुण मनापासून लक्ष देत नव्हता, यांना आता बाप्तिस्मा नाही. न्दांगोया त्याला थांबवतो. आम्हाला असे का फोडतोस? आळशांना उद्योगी माणसांनी सांभाळून घेतले, मंदांना हुशारांनी, कमी श्रद्धेच्यांना जास्त श्रद्धेच्यांनी. आम्ही सगळे मिळून विश्वास ठेवतो, असे सांगण्याचा अधिकार मला आहे. डोनोव्हन हरतो आणि सगळ्या वस्तीला बाप्तिस्मा देतो.

पाश्चात्त्य व्यक्तिवादाचा हा पराभव म्हणून या प्रसंगाचा फार गौरव झाला आहे. मलाही तो पहिल्या वाचनात भावला, कारण मला १९५६ चा ऑक्टोबर आठवला. नागपूरला १४ तारखेला बाबासाहेबांच्या समोर लाखो माणसे उभी होती. त्यांची कुणी परीक्षा घेतली नव्हती. माझी आजी नागपूरला जाऊ शकली नाही. तिने पुढे आमच्या वस्तीतच दीक्षा घेतली. त्रिपिटक म्हणजे काय, हे तिला शेवटपर्यंत कुणी विचारले असते तर सांगता आले नसते. पण देव्हाऱ्यातले टाक तिने स्वतःच्या हातांनी उचलून ओढ्यात सोडले. वस्तीने एकत्र निर्णय घेतला नसता तर एकट्या आजीला ते धैर्य झाले नसते. त्या अर्थाने न्दांगोया बरोबर आहे. जात ही एकट्याने टाकता येणारी वस्तू नाही.

पण येथे थांबून चालणार नाही. ‘आम्ही विश्वास ठेवतो’ हे वाक्य मसाई वस्तीत एका वृद्धाने सगळ्यांच्या वतीने उच्चारले. नागपूरला ‘आम्ही’ होते, पण प्रतिज्ञा उच्चारायची होती ती ‘मी’ म्हणून. बावीस प्रतिज्ञा प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने म्हणायच्या होत्या. बाईनेही, आणि नवऱ्याच्या मागे उभी राहून नव्हे. माझ्या आजीच्या तोंडी ‘मी’ हा शब्द घरात क्वचितच येत असे. दीक्षेच्या दिवशी तो तिने बावीस वेळा उच्चारला. समूहाचे बळ हवे आणि प्रत्येकाचे तोंडही मोकळे हवे, ही बाबासाहेबांची रीत होती. न्दांगोयाच्या समूहभावनेचा गौरव करणाऱ्यांनी हा फरक पाहिलेला नाही. त्यांना व्यक्तिवादाची उबग आलेली आहे. आमच्या आजीला व्यक्ती होण्याची सुद्धा संधी नव्हती.

४

डोनोव्हनच्या विचाराचे सूत्र थोडक्यात असे: मिशनऱ्याने फक्त मूळ शुभवर्तमान न्यावे, आपली संस्कृती नेऊ नये. ते शुभवर्तमान ऐकून लोकांनी आपल्या संस्कृतीतून जो प्रतिसाद द्यावा तो त्यांचा. त्यात हस्तक्षेप करू नये. रोलंड ॲलन या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १९१२ साली असेच काही मांडले होते. साम्राज्यशाहीच्या काळात मिशनऱ्यांनी जे सांस्कृतिक आक्रमण केले त्याच्या तुलनेत हे फार पुढचे पाऊल आहे. मसाईंच्या समवयस्क गटाच्या बंधुभावाची कल्पना घेऊन तो चर्चला नाव देतो. मसाईंमध्ये गवताची जुडी शांततेची खूण असते. मासच्या आधी ती जुडी वस्तीभर हातोहात फिरवायची आणि कुणी ती घेण्याचे नाकारले, म्हणजे वस्तीत भांडण शिल्लक असेल, तर मास करायचाच नाही, ही प्रथा तो स्वीकारतो. हे सगळे सुंदर आहे. आपल्या गावांत एखादे वर्ष जत्रेआधी अशी जुडी फिरवून पाहावी, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. आमच्या वस्तीपर्यंत ती आली असती काय, हाही विचार त्यामागोमाग आला.

अडचण ‘लोकांची संस्कृती’ या शब्दप्रयोगात आहे. लोकांपैकी कुणाची? डोनोव्हनसमोर वर्तुळ करून बसलेले आणि बोलणारे प्रामुख्याने वडीलधारे पुरुष आहेत, गुरांचे मालक आहेत. ते जे सांगतात ती मसाई संस्कृती ठरते.

हे वर्तुळ दोन ठिकाणी फुटते आणि माझ्या मते पुस्तकातल्या सर्वांत मोलाच्या जागा त्याच आहेत. डोनोव्हन सांगतो की, मसाई पुरुष बायकांच्या देखत जेवत नसत. त्यांच्या नुसत्या असण्याने अन्न विटाळते, अशी समजूत होती. आता मास म्हणजे एकत्र बसून भाकरी आणि द्राक्षारस घेणे. संस्कृतीत हस्तक्षेप नको, तर मग हे कसे करायचे? इथे डोनोव्हनला आपले सूत्र मोडावे लागले. स्त्री-पुरुषांनी एकत्र खाल्ले तरच ते मास, एरवी नाही. आणि त्यांनी एकत्र खाल्ले. आपल्याला या प्रसंगाचा अर्थ कुणी शिकवायला नको. विटाळ म्हणजे काय आणि एका पंक्तीला बसणे म्हणजे काय, हे आपण पोटाने शिकलो आहोत.

दुसरी जागा अगदी छोटी आहे. काही तरुण मुली डोनोव्हनला एकांतात, वडीलधाऱ्यांच्या कानांवर जाणार नाही अशा बेताने गाठतात आणि सांगतात की, तू ज्याला चांगली बातमी म्हणतोस ती आमच्यासाठी खरोखरच चांगली आहे. पुस्तकाची पाने चाळताना हा प्रसंग सहज निसटून जातो. मला वाटते, सिंहाच्या उपमेइतकाच तो मोठा आहे. या मुली वर्तुळात बोलल्या नाहीत. त्यांना कुजबुजावे लागले. संस्कृती म्हणजे काय, हे वृद्धाच्या भाषणातून कळते आणि त्या संस्कृतीची किंमत कुणी मोजली, हे या कुजबुजीतून कळते. ज्याला संस्कृतीचा अभ्यास करायचा असेल त्याने दोन्ही ऐकले पाहिजे.

मग मी मसाईंविषयी आणखी वाचू लागलो आणि मला तो लोहार भेटला. मसाईंमध्ये इलकुनोनो नावाचा लोहारांचा वर्ग आहे. भाले, तलवारी, बाणांची पाती तेच घडवतात. त्यांच्याशी मसाई बेटीव्यवहार करत नसत. त्यांच्या हातची वस्तू विटाळलेली मानली जाई. लोहाराकडचा भाला घेताना मसाई तरुण हाताला आणि हत्याराला तेल-चरबी चोळून तो विटाळ घालवत असे. वसाहतकाळातल्या जुन्या नोंदींत हे आहे. १९७९ मध्ये जॉन गॅलटी या मानववंशशास्त्रज्ञाने मसाईंमधल्या विषमतेवर आणि विटाळाच्या कल्पनेवर स्वतंत्र निबंध लिहिला. गुरे नसलेल्या, शिकारीवर जगणाऱ्या डोरोबो लोकांनाही असेच खालचे मानले जाई. देवाने आकाशातून चामड्याच्या पट्ट्यावरून गुरे खाली सोडली ती मसाईंसाठी, अशी त्यांची पुराणकथा आहे. डोरोबोच्या वाट्याला गुरे का नाहीत, याचा उलगडाही तीच कथा करते. कुणाच्या पायातून कोण जन्मले, याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या कथेचे काम ओळखायला वेळ लागणार नाही.

मसाई समाज आणि हिंदू जातिव्यवस्था एकच आहे, असे मला म्हणायचे नाही. तिथे हजारो वर्षांचे धर्मग्रंथ नाहीत, चार वर्णांची उतरंड नाही, इतिहास वेगळा आहे. साम्य एवढेच की, भाला हवा पण लोहार नको. चामड्याची हलगी हवी पण ती वाजवणारा देवळाच्या पायरीखाली हवा. ज्या संवादांसाठी डोनोव्हनचे पुस्तक गाजले त्यांत लोहार बोलताना मला दिसला नाही. तो वर्तुळात होता काय? गवताची जुडी त्याच्या झोपडीपर्यंत गेली होती काय? त्याने ती नाकारली असती तर मास थांबला असता काय? हे प्रश्न पुस्तकाच्या कोणत्याही परीक्षणात मी वाचलेले नाहीत. ते विचारायला वाचकही वर्तुळाबाहेरून आलेला असावा लागतो.

आणखी एक गोष्ट या संवादांच्या पायाखाली आहे, ती म्हणजे जमीन. १९५९ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून मसाईंना हलवण्यात आले. डोनोव्हनचे पत्र त्यानंतर सातच वर्षांनी लिहिलेले आहे. त्याच लोलिओंडोत २०२२ च्या जून महिन्यात सरकारने सुमारे १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर राखीव क्षेत्राचे दगड रोवले, तेव्हा पोलिसांनी मसाईंवर गोळ्या चालवल्या. या भागात परदेशी श्रीमंतांसाठी शिकारीचे परवाने १९९० च्या दशकापासून दिलेले आहेत. लांबून बंदूक झाडणारा शिकारी त्या वृद्धाच्या तोंडी केवळ अलंकार म्हणून आला नव्हता. श्रद्धा आणि संस्कृती यांवर बोलताना जमीन बाजूला ठेवली की संवाद गोड होतो आणि लंगडा होतो.

५

संस्कृतीचा आदर करण्याच्या धोरणाचा इतिहास आपल्या देशात डोनोव्हनपेक्षा साडेतीनशे वर्षांनी जुना आहे. रोबेर्तो दि नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये मदुरेला आला. तिथे आधीपासून परवा जातीच्या कोळ्यांमध्ये पोर्तुगीज धर्मगुरूचे काम चालू होते. ब्राह्मण त्या चर्चकडे फिरकत नाहीत हे पाहून दि नोबिलीने वेगळी राहुटी केली. भगवी वस्त्रे घातली, ब्राह्मण आचारी ठेवला, संस्कृत आणि तमिळ शिकला, आणि त्या कोळी ख्रिस्त्यांपासून अंतर राखले. त्याने ब्राह्मणांशी केलेले तत्त्वचर्चेचे संवाद विद्वत्तेचे नमुने म्हणून वाखाणले जातात. यज्ञोपवीत आणि शेंडी या धार्मिक नव्हे तर सामाजिक खुणा आहेत, असा युक्तिवाद त्याने केला आणि १६२३ मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने तो उचलून धरला. जानवे संस्कृतीत गेले. त्याच्या मागोमाग अस्पृश्यताही संस्कृतीत जाऊन बसली. पुढे खालच्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू आले, चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या झाल्या, तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही भिंती उभ्या राहिल्या. मेलेल्या ख्रिस्त्यालाही जात उरली.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिलेले निबंध त्यांच्या निधनानंतर, १९८९ मध्ये, शासनाने प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडात आले. त्यांत त्यांनी ख्रिस्ती मिशनांच्या शाळा-दवाखान्यांचे ऋण मान्य केले आहे. पण धर्मांतरित अस्पृश्याच्या आयुष्यातून जात गेली काय, या एका प्रश्नावर त्यांनी सगळ्या कामाची परीक्षा घेतली. मला ही कसोटी आजही पुरेशी वाटते. परक्या माणसाने आपल्या संस्कृतीचा किती आदर केला, ही परीक्षा वरच्यांची असते. त्या आदरात खालच्या माणसाचे काय झाले, ही आपली परीक्षा.

याच्या उलट चित्र जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्येच रंगवले होते. ‘तृतीय रत्न’ या नाटकातही एक परदेशी पाद्री संवाद करतो. पण त्याच्यासमोर पंडित बसलेला नाही. भटजीने लुबाडलेला कुणबी आणि त्याची बायको त्याच्याशी बोलतात, आणि विदूषक मधे मधे शिरून कोण काय लपवते आहे हे उघड करतो. त्या संवादाचा शेवटही पाहण्यासारखा आहे: नवरा-बायको चर्चमध्ये जात नाहीत, फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. पाद्र्याकडून जोतीरावांनी प्रश्न विचारण्याची रीत घेतली आणि उत्तर आपले ठेवले. डोनोव्हनच्या वर्तुळात असा विदूषक असता तर तो आधी लोहाराला बोलावून आणता.

६

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख सोयीचा झाला असता. दूरच्या मिशनऱ्याला दोष देणे सोपे असते. पण वर्तुळ आपलेही आहे. आपल्या साहित्यसंमेलनांच्या व्यासपीठांवर ‘आमची संस्कृती’, ‘आमचा समाज’ म्हणून कोण बोलते? बहुतेक वेळा पुरुष, बहुतेक वेळा एकाच जातीतला, बहुतेक वेळा माझ्यासारखा पगारदार मास्तर. मांग, चांभार, ढोर, भंगी आणि भटक्या जातींतला माणूस आपल्या चर्चेत अनेकदा यादीतला शब्द म्हणून येतो, बोलणारा म्हणून येत नाही. ‘दलित’ या विशाल शब्दाच्या आत न्दांगोयासारखे पुढारी आपण निर्माण केले आणि सगळ्यांच्या वतीने ‘आम्ही’ म्हणू लागलो.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधल्या, गावोगाव जाऊन त्यांच्याकडून ऐकून घेतले, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. तोपर्यंत त्या बायका आपल्याच इतिहासाच्या वर्तुळाबाहेर होत्या. शीर्षकातला ‘ही’ कुणाला उद्देशून आहे, हे आपण विसरू नये. श्रद्धा आणि संस्कृती यांवरचा संवाद कसा करावा, याचा धडा मला मिशनरी वाङ्मयात शोधण्याची गरज नव्हती. तो घरातच होता.

डोनोव्हनचे पुस्तक मराठीत यावे, असे मला वाटते. सत्तेच्या जागेवरून आलेला माणूस आपल्याला प्रश्न विचारू देतो तेव्हा काय घडते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी वाचावे. त्याच वेळी त्यांनी प्रत्येक पानाच्या समासात लिहून ठेवावे की, इथे कोण बोलले नाही.

त्या वयस्क बाईंना मी गेल्या महिन्यात पत्र लिहिले. पुस्तकाबद्दल आभार मानले आणि सांगितले की, त्या दुपारी मी तुम्हाला एका शब्दाचा चुकीचा अर्थ दिला. ‘मान’ म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही असे काम. नाही म्हटले तर दळण बंद होते. तुमच्या वहीत ही दुरुस्ती करून घ्या. हलगी वाजवणारे घर पारापासून दोनशे पावलांवर आहे, तुमच्यापैकी कुणी पुन्हा आले तर आधी तिथे बसू, आणि घरातल्या बाईंनाही बोलायला सांगू. त्या घरी मीही अजून गेलेलो नाही, हे मात्र पत्रात लिहायचे राहिले. ते इथे लिहितो.